दोघांचीच फर्म, त्यातला एक गेला तर पुढे काय?

लेथवाला
नमस्कार मंडळी. आमचं टर्निंग-मिलिंगचं जॉबवर्क आहे. एमआयडीसीत भाड्याचा गाळा, दोन सीएनसी, एक जुनी मिलिंग आणि थोडी माणसं. भागीदार मी आणि माझा मित्र, दोघंच. नफा-तोटा निम्मा-निम्मा. फर्म नोंदणीकृत आहे. डीड, म्हणजे भागीदारीचा करार, मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी डीडमध्ये नावं बदलून टाईप केलेलं.

यंदा ऑडिटच्या वेळी सीएंनी विचारलं, "तुमच्यापैकी एकाचं काही बरंवाईट झालं तर काय ठरलंय?" मित्र म्हणाला, "वहिनी येतील की गाळ्यावर!" हसण्यावारी गेलं. नंतर डीड काढून पाहिलं. त्यात या विषयावर एकच ओळ आहे: "कोणत्याही भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होणार नाही." किंमत कशी काढायची, पैसे कुणी आणि कधी द्यायचे, याबद्दल अवाक्षर नाही.

मित्राच्या घरी आई, बायको, कॉलेजातली मुलगी आणि चौदा वर्षांचा मुलगा. माझ्याकडे बायको शाळेत शिकवते, मुलाला या धंद्यात रस नाही. म्हणजे दोन्ही घरांत मशीनवर उभं राहणारं कुणी नाही. कुणी हे नीट मार्गी लावलंय का? कुठून सुरुवात करावी?

फटकळ
वीस-वीस वर्षांची मैत्री आणि आता कागद? कागद आला की संशय येतो, असा माझा अनुभव. वाचतोय.

काळा_डगला
लेथवाला, तुमच्या डीडमधली ती ओळ तुम्हाला वाचवणार नाही.

भारतीय भागीदारी कायदा १९३२ चं कलम ४२ सांगतं की करारात वेगळं ठरलेलं नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. वेगळं ठरवायची मुभा आहे, पण ती मागे किमान दोघं उरत असतील तरच कामाची. एकट्याची भागीदारी कशी असेल? मोहम्मद लईकुद्दीन विरुद्ध कमलादेवी मिश्रा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली हेच म्हटलंय: दोघांची फर्म, एक गेला, करारात काहीही लिहिलेलं असो, फर्म संपली.

वारस आपोआप भागीदार होतात हाही एक लाडका गैरसमज. कलम ३१ प्रमाणे नवा भागीदार घ्यायला सगळ्यांची संमती लागते (करारात वेगळं नसेल तर). वारसांना मिळतो तो हिश्शाचा पैसा. खुर्ची मिळत नाही. मृत्युपत्रात "माझी भागीदारी मुलाला" असं लिहिलं तरी मुलाच्या पदरात पडते ती हिश्शाची किंमत.

आगाऊ_कार्टी
मग सोपं आहे ना, बायकोला २ टक्क्यांवर तिसरी भागीदार करून टाका. फर्म तगली.

काळा_डगला
तगली खरी. पण भागीदार २ टक्क्यांचा असो की ९८ टक्क्यांचा, कलम २५ खाली फर्मच्या देण्याची जबाबदारी प्रत्येकावर पूर्ण, एकत्रित आणि स्वतंत्रही. वहिनींच्या नावावर घर असेल, त्यांचा पगार असेल, ते सगळं त्या २ टक्क्यांमुळे कक्षेत येतं. करू नका असं म्हणत नाही, पण वहिनींना हे वाक्य वाचून दाखवा आणि मगच सही घ्या. आमच्याकडे येणाऱ्या अर्ध्या बायकांना आपण भागीदार आहोत हे बँकेची नोटीस आल्यावर कळतं.

खतावणी
सीए आहे, म्हणून आकड्यांकडून येतो. लोक कलमांवर भांडतात, पण घरं मोडतात ती किमतीवरून.

लेथवाला, तुमच्यासारखंच एक काल्पनिक युनिट घेऊ. सात वर्षांपूर्वी ४६ लाखांची मशिनं घेतली. आयकराच्या १५ टक्के घसाऱ्याने पुस्तकात ती आज १५ लाखांच्या आसपास दिसतात. बाजारात गिऱ्हाईक २७ लाख देतं. म्हणजे १२ लाख पुस्तकात दिसतच नाहीत. भागीदार 'अ' चं भांडवल १८ लाख, 'ब' चं २० लाख. आता 'ब' गेला. ताळेबंद उघडला तर त्याच्या नावासमोर २० लाख. 'अ' प्रामाणिकपणे म्हणतो, वहिनी, हे घ्या तुमचे वीस.

पण मशिनांच्या वाढीचे निम्मे ६ लाख त्याचेच. शिवाय गुडविल, म्हणजे धंद्याच्या नावलौकिकाची किंमत. दोघांना बाजारभावाने पगार धरून उरणारा सरासरी नफा वर्षाला १२ लाख समजा. धंद्यात अडकलेलं खरं भांडवल ३८ अधिक १२, म्हणजे ५० लाख. त्यावर १२ टक्के परतावा कुठेही मिळाला असता असं मानलं तर ६ लाख. उरलेले ६ लाख नफा नावामुळे, गिऱ्हाइकांमुळे, बसलेल्या घडीमुळे येतात. याला अधिनफा म्हणतात. त्याची तीन वर्षांची खरेदी, म्हणजे तिप्पट, धरली तर गुडविल १८ लाख, निम्मे ९ लाख.

२० अधिक ६ अधिक ९, म्हणजे ३५ लाख. पुस्तकातले २० आणि हे ३५ यांच्यातल्या १५ लाखांवर दोन घरांचं बोलणं बंद होतं, आणि यात कुणीही लबाड असायची गरज नसते.

तीन वर्षं की दोन, १२ टक्के की १५, हे दोघं जिवंत असताना ठरवायचं. कारण आज तुम्हा दोघांनाही माहीत नाही की आपण देणाऱ्याच्या बाजूला असू की घेणाऱ्याच्या. इतकी न्याय्य वाटाघाट पुन्हा होणे नाही.

फटकळ
खतावणीशेठ, जॉबवर्कला कसलं आलंय गुडविल? माणूस गेला की गिऱ्हाईक दुसऱ्या गाळ्यावर. मोठ्या कंपन्यांचे परचेसवाले काय श्रद्धांजली म्हणून ऑर्डर देतात का?

खतावणी
मुद्दा बरोबर आहे, म्हणून तर पट्टी स्वतः ठरवा. जिथे धंदा एका माणसाच्या हातावर चालतो तिथे एक वर्षाची खरेदी धरा, किंवा शून्य. पण शून्य असेल तर शून्य असं लिहा. गप्प राहू नका.

काळा_डगला
खतावणींना दुजोरा. "लिहिलं नाही म्हणजे गुडविल नाही" असं होत नाही. गुडविल कलम १४ नुसार फर्मच्या मालमत्तेत मोडतं. मुंबईतल्या मुकादमी आणि वाहतुकीच्या एका फर्मचा खटला आहे, खुशाल खेमगर शाह विरुद्ध खोरशेद बानू. भागीदार वारला, मागे राहिलेल्यांचं म्हणणं की धंदा चालूच राहणार असं ठरलेलं, त्यामुळे गुडविलवर विधवेचा हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. हिस्सा सोडून द्यायचा तर करारात तसं स्पष्ट असावं लागतं.

उंबरठा
इथे सगळे मागे राहिलेल्या भागीदाराच्या खुर्चीतून बोलताय. मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणून लिहिते.

बाबा गेले तेव्हा त्यांचे भागीदार, ज्यांना आम्ही काका म्हणायचो, दहाव्याच्या दिवशी म्हणाले, "वहिनी, काळजी करू नका, दर महिन्याला घरी पैसे पोचतील." आणि पोचले. एक तारखेला खाकी पाकीट, वर आईचं नाव, आत कोऱ्या नोटा. कधी खाडा नाही. आई म्हणायची, देवमाणूस आहे. हिशेब मागायची आमची प्राज्ञा नव्हती, कारण ज्याचं खातोय त्याच्याकडे हिशेब कसला मागायचा!

माझं बी.कॉम. झाल्यावर मी सहज म्हणून खातेउतारा मागितला. त्यात बाबांच्या भांडवल खात्यावर ओळीने नोंदी: "उचल, घरखर्च." दर महिन्याचं पाकीट बाबांच्याच पैशातून वजा होत होतं. नफ्यातला वाटा कुठेही जमा नव्हता. मशिनं, गोदाम, नाव, सगळं वापरात होतं, आणि आमच्या नावावरची शिल्लक दर महिन्याला घटत चालली होती. काकांनी चोरी केली असं मी आजही म्हणणार नाही. त्यांच्या मुनिमाने जे सोयीचं ते लिहिलं असेल. पण तोपर्यंत खात्यात फारसं उरलं नव्हतं.

लेथवाला, तुमच्या मित्राच्या बायकोला आज फर्मचा ताळेबंद कधी दाखवलाय का हो? आणि तुमच्या बायकोला?

लेथवाला
उंबरठाताई, नाही. दोघींनाही नाही.

काळा_डगला
ताई, तुमच्या बाबतीत कायद्याच्या दोन गोष्टी कुणीतरी वेळेवर सांगायला हव्या होत्या.

पहिली, कलम ३७. भागीदार गेल्यावर त्याचा हिशेब चुकता न करता बाकीच्यांनी फर्मच्या मालमत्तेवर धंदा चालू ठेवला, तर वारसांना निवड करता येते: त्या हिश्शाच्या वापरातून आलेल्या नफ्याचा वाटा घ्या, नाहीतर हिश्शाच्या रकमेवर दर साल ६ टक्के व्याज घ्या. निवड वारसांची. खतावणींच्या उदाहरणातल्या ३५ लाखांवर वर्षाला २ लाख १० हजार होतात, तेही मुद्दलाला हात न लावता.

दुसरी, मुदत. मुदतीच्या कायद्यात अनुच्छेद ५ आहे. विसर्जित फर्मच्या हिशेबाचा आणि नफ्यातल्या वाट्याचा दावा विसर्जनापासून तीन वर्षांत. दोघांच्या फर्मचं विसर्जन म्हणजे मृत्यूची तारीख. पाकिटं मिळत राहतात, चांगुलपणा चालू राहतो आणि तीन वर्षं निघून जातात. मुदतीच्या आत सही केलेली लेखी कबुली मिळाली तर मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजतात, म्हणून निदान "अमुक इतकं देणं आहे" अशी चिठ्ठी तरी घ्यावी.

अवांतर: महाराष्ट्रात पूर्वी अशी तरतूद होती की नोंदणी नसलेल्या फर्मच्या भागीदाराला विसर्जनाचा नि हिशेबाचाही दावा लावता येत नसे. कलम ६९(२अ). ती २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. तरी नोंदणी कराच. येणी वसूल करायला बाहेरच्यांवर दावा लावायचा असेल तर नोंदणीशिवाय अडतं.

फटकळ
उंबरठा, वाचून गप्प झालो. माझं पहिलं वाक्य मागे घेत नाही, पण पाकिटाचा किस्सा आमच्या थोरल्याला वाचायला देतो.

प्रीमियमवाला
यावर उत्तर एकच, विमा. दोघांनी एकमेकांच्या आयुष्यावर ३५-३५ लाखांची टर्म पॉलिसी काढायची. एक गेला की दुसऱ्याला रक्कम मिळते आणि तो ती वारसांना देऊन हिस्सा विकत घेतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कोटेशन पाठवतो.

खतावणी
व्यनिची घाई नको, आधी दोन गाठी सोडवू.

बहुतेक लोक काय करतात? स्वतःच्या आयुष्यावर पॉलिसी, नॉमिनी बायको. मग माणूस गेल्यावर पैसे बायकोला मिळतात आणि हिश्शाची मागणीही तिची उभी राहते. मागे राहिलेल्याच्या हातात दमडी नाही. पॉलिसी घरासाठी असेल तर उत्तमच, पण तिला भागीदारीचा विमा म्हणू नका. हिस्सा खरेदीसाठी पैसा खरेदी करणाऱ्याच्या हातात पडला पाहिजे, आणि त्याने तो त्याच कामाला वापरायचं बंधन करारात असलं पाहिजे. नाहीतर ३५ लाख घेऊन नवं मशीन आणणारेही पाहिलेत.

दुसरी गाठ, फर्मच्या नावाने घेतलेली कीमॅन पॉलिसी, म्हणजे धंद्यातल्या महत्त्वाच्या माणसावरचा विमा. तिची रक्कम साध्या आयुर्विम्यासारखी करमुक्त नसते. आणि हिस्सा फर्मने सोडवून घ्यायचा की दुसऱ्या भागीदाराने स्वतः विकत घ्यायचा, यावरही कर बदलतो. २०२१ च्या वित्त कायद्यापासून भागीदार बाहेर पडताना फर्मने दिलेल्या पैशांवर आणि मालमत्तेवर फर्मच्या बाजूने कराचे नियम कडक झालेत. मसुदा वकिलाकडे जाण्याआधी सीएच्या टेबलावरून जाऊ द्या.

लेथवाला
मित्राला शुगर आहे, शिवाय मागच्या वर्षी स्टेंट. विमा मिळाला तरी हप्ता परवडणार नाही असं दिसतंय. मग?

गाळा_नंबर_नऊ
आम्हीही विम्याविना केलंय, हप्त्यांवर. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत हिशेब पक्का करून एक चतुर्थांश रक्कम, बाकी तिमाही हप्त्यांनी, व्याजासह. सगळे हप्ते फिटेपर्यंत मशिनं वारसांकडे तारण, आणि तोवर दर तिमाहीचं स्टॉक स्टेटमेंट त्यांना द्यायचं. लागोपाठ दोन हप्ते चुकले तर उरलेली सगळी रक्कम एकदम देय. शेवटची अट माझ्या पार्टनरच्या मिसेसनी घातली. दोन्ही घरांतल्या बायका त्या बैठकीला होत्या आणि खरं सांगतो, सगळ्यात नेमके प्रश्न त्यांचेच होते.

शिवाय दरवर्षी एक रिकरिंग, फर्मबाहेर, दोघांच्या नावे. तुटपुंजी आहे, पण पहिल्या चतुर्थांशाची सोय होते.

काळा_डगला
हप्त्यांच्या व्यवस्थेत "मागे राहिलेल्याला ठरलेल्या किमतीत हिस्सा खरेदी करायचा हक्क" असे शब्द नक्की घाला, आणि तो हक्क किती दिवसांत वापरायचा तेही. कलम ३७ मध्येच सोय आहे: करारात असा पर्याय असेल आणि त्याने तो रीतसर वापरला, तर वारसांना पुढच्या नफ्याचा वाटा मागता येत नाही. अटी मात्र पाळाव्या लागतात. हप्ते थकवले की संरक्षण गेलं. दोघांच्या फर्मला याचा दुसरा फायदा असा की फर्म विसर्जित झाली तरी धंदा चालता-बोलता एकाकडे जातो, लिलाव होत नाही.

तो एकटा राहिला की नवा भागीदार घेईपर्यंत प्रोप्रायटर. हे जीएसटीला कळवायला विसरू नका.

खतावणी
नुसतं कळवून भागत नाही. भागीदारीचा पॅन गेला, म्हणजे नवी नोंदणी घ्यायची आणि जुन्या नोंदणीतलं शिल्लक क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) आयटीसी-०२ फॉर्मने नव्याकडे न्यायचं. आधी जुनी नोंदणी रद्द केली तर क्रेडिट अडकतं, म्हणून क्रम सांभाळा.

आणि एक अगदी क्षुल्लक दिसणारी गोष्ट: जीएसटी पोर्टलवर मुख्य अधिकृत सहीदार कोण आणि ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो? माझ्या एका अशिलाच्या बाबतीत तो फोन गेलेल्या माणसाचा होता. सुतकात त्याच्या मुलाला उठवून फोनचा पॅटर्न विचारायची वेळ आली. दुसरा सहीदार आजच घाला.

आगाऊ_कार्टी
बँकेचं काय? खातं दोघांपैकी कुणीही चालवावं असं असेल तर अडचण नसावी.

गाळा_नंबर_नऊ
कॅश क्रेडिट (ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचलता येणारं बँकेचं कर्ज) असेल तर बँक खातं थांबवतेच. माझ्या शेजारच्या युनिटला पगाराच्या आठवड्यात हे झालं. खात्यात मर्यादा शिल्लक आणि चेक परत.

खतावणी
त्यामागे कारण आहे. चालू खात्यात येणारी रक्कम सगळ्यात जुन्या उचलीशी वळती होते, याला क्लेटनचा नियम म्हणतात, १८१६ च्या इंग्लंडमधल्या खटल्यातून आलेला. भागीदार गेल्यावर तेच खातं चालू ठेवलं तर जमा होणाऱ्या रकमांनी जुनं कर्ज फिटत जातं आणि नवी उचल नवं कर्ज ठरते, ज्याला मृताची इस्टेट जबाबदार नसते. महिन्या-दोन महिन्यांत बँकेचा इस्टेटीवरचा हक्क आपोआप विरघळतो. म्हणून बँक जुनं खातं गोठवते आणि नव्या कागदांवर नवं उघडायला लावते. म्हणून एका महिन्याचे पगार आणि वीजबिल निघेल इतके पैसे कर्जाशी संबंध नसलेल्या दुसऱ्या बँकेतल्या चालू खात्यात ठेवावेत असं मी सगळ्यांना सांगतो. मात्र कर्ज देणाऱ्या बँकेला विचारून. कर्जाच्या रकमेनुसार दुसरीकडे चालू खातं उघडण्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध असू शकतात.

उंबरठा
आणि वैयक्तिक हमी? बाबांची होती. घराचे कागद बँकेत होते, ते सोडवायला आम्हाला फार फिरावं लागलं.

काळा_डगला
ताई, हा मुद्दा मसुद्यांत हमखास राहतो. करार कायदा १८७२ च्या कलम १३१ प्रमाणे जामीनदार वारला की चालू राहणारी हमी पुढच्या व्यवहारांपुरती संपते, पण करारात उलट काही नसेल तरच. बँकांच्या हमीपत्रात उलट कलम बहुधा छापलेलंच असतं. मृत्यूपर्यंतच्या कर्जाला तर इस्टेट जबाबदार राहतेच. त्यामुळे भागीदारांच्या करारात लिहा की हिस्सा घेणाऱ्याने अमुक मुदतीत मृताची हमी आणि तारण बँकेकडून सोडवून आणायचं, तोवर काही तोशीस लागली तर ती त्याची. बँक यातल्या कशाला बांधील नाही, पण निदान दोन घरांत जबाबदारी कुणाची ते ठरतं.

गाळा_नंबर_नऊ
आम्ही मागाहून एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) केली. एकटा उरला तरी लगेच संपत नाही म्हणून.

काळा_डगला
लगेच नाही हे खरं. पण सहा महिन्यांहून जास्त काळ जाणूनबुजून एकट्याने चालवली तर त्या काळातल्या देण्यांना तो व्यक्तिशः जबाबदार होतो. तेवढ्यात दुसरा भागीदार शोधा. प्रायव्हेट लिमिटेडमध्येही सभासद दोनांखाली गेले तर साधारण हाच सहा महिन्यांचा धाक आहे.

एलएलपीवाल्यांसाठी मोठा खड्डा वेगळाच आहे. करारात काही ठरलेलं नसेल तर २००८ च्या एलएलपी कायद्याचं कलम २४ लागतं, आणि त्यात वारसांना मिळतं ते प्रत्यक्ष भरलेलं भांडवल आणि साठलेल्या नफ्यातला वाटा, तोटा वजा जाता. बाजारभावाचा, गुडविलचा तिथे उल्लेख नाही. लाख-लाख रुपये भांडवल भरून सुरू केलेल्या एलएलपीची आज किंमत कोटीत असली, तर हा फरक किती ते तुम्हीच पाहा. गाळा नंबर नऊ, तुमच्या एलएलपी करारात मूल्यांकनाचं कलम आहे ना? रूपांतर करताना जुन्या डीडमधलं तिकडे न्यायचं राहून जातं.

गाळा_नंबर_नऊ
आज संध्याकाळी बघतो. 😬

आगाऊ_कार्टी
आमची प्रायव्हेट लिमिटेड आहे. शेअरला नॉमिनी आहे, त्यामुळे आम्ही सुटलो.

काळा_डगला
नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शेअरच्या बाबतीतही हेच सांगितलं: नॉमिनी शेअर ताब्यात घेतो, कंपनी त्याच्याशी व्यवहार करते, पण मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. नॉमिनी भाऊ आणि वारस बायको-मुलं असं असेल तर मतदान एकाच्या हातात नि हक्क दुसऱ्याचा. शिवाय शेअर वारशाने येतात, संचालकपद येत नाही. तुमच्याकडेही हिस्सा खरेदीचा करार लागेलच, आणि त्याचं प्रतिबिंब कंपनीच्या नियमावलीत हवं, नुसता वेगळा कागद नको.

लेथवाला
मंडळी, काल मित्राला हा धागा वाचायला दिला. पाकिटाच्या प्रतिसादावर तो बराच वेळ थांबला. मग म्हणाला, "तीन वर्षांची खरेदी नको, दोन कर. मी गेलो तर तुला झेपलं पाहिजे." मी म्हणालो अडीच. शेवटी दोन ठरलं, मशिनं मात्र व्हॅल्युअरकडून बाजारभावाने. दरवर्षी ऑडिटनंतर ताळेबंदाच्या मागेच एका पानावर "आजची मान्य किंमत" लिहून चौघांच्या सह्या करायच्या. एखाद्या वर्षी राहून गेलं तर सूत्राने काढायची.

तिसरा भागीदार घ्यायचा विचार सोडला. खरेदीचा हक्क, चतुर्थांश आधी, बाकी तिमाही हप्ते, मशिनं तारण. सुपरवायझरला मात्र दोन-तीन वर्षांनी आत घ्यायचा विचार आहे. तो असेल तर दोघांपैकी कुणीही गेला तरी मशीन थांबत नाही.

एक शंका. मित्राचा हिस्सा घेताना पैसे वहिनींच्याच हातात द्यायचे ना? मुलगा अज्ञान आहे.

काळा_डगला
इथे सांभाळा. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे पहिल्या वर्गात बायको, मुलगा, मुलगी आणि आई, सगळ्यांना समान. तुमच्या मित्राच्या घरी चार हिस्से. आई बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. सगळे पैसे वहिनींना देऊन पावती घेतली आणि उद्या आजींच्या वतीने कुणी उभं राहिलं, तर तुम्ही पुन्हा देणेकरी. अज्ञान मुलाच्या वाट्याचं हक्कसोडपत्रही सहज होत नाही.

म्हणून मित्राला मृत्युपत्र करायला सांगा, हिश्शाचे पैसे कुणाला ते त्यात नाव घालून. दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. भागीदारी करार आणि मृत्युपत्र एकमेकांना छेद देत नाहीत ना, ते एकाच बैठकीत तपासून घ्या. तुमचंही करा. धागा तुम्ही काढलात म्हणून आधी तोच जाईल असं काही नाही.

लेथवाला
😄 दोघांची वेळ एकदमच घेतली आहे.

उंबरठा
सह्या चौघांच्या, हे वाचून बरं वाटलं. कराराची एक प्रत वहिनींच्या कपाटात राहू द्या, गाळ्यावरच्या ड्रॉवरमध्ये नको.

औषधी_बुटी
मूक वाचक. घाऊक औषधांचा धंदा आहे, म्हणून एक भर. औषध परवान्यावर फर्मची घडण बदलली की जुना परवाना जास्तीत जास्त तीन महिने चालतो, तेवढ्यात नवा घ्यावा लागतो. आमच्याकडे दिवसकार्य, वारसांच्या सह्या आणि नवं डीड यातच निम्मा वेळ जातो. ज्यांचे परवाने फर्मच्या नावावर आहेत त्यांनी प्रत्येकाची अट आधीच वाचून ठेवा.

फटकळ
सगळं मेल्यावरचं ठरवलंत. अर्धांगवायू होऊन माणूस चार वर्षं अंथरुणावर राहिला तर? नफा निम्मा, काम एकाचं. आमच्याकडे तेच झालं.

काळा_डगला
फटकळराव, खरंच राहिलं होतं. कायमची असमर्थता हे कलम ४४ खाली कोर्टाकडून फर्म विसर्जित करून घेण्याचं कारण आहे, पण आजारी मित्रावर दावा कोण लावणार? करारात घालता येतं: अमुक महिने सलग काम करता आलं नाही तर कामाचा मोबदला थांबतो, नफ्याचा वाटा काही काळ चालू राहतो, मग त्याच सूत्राने हिस्सा खरेदी. किती महिने आणि ठरवणारा डॉक्टर कुणाचा, यावर घासाघीस होते. नवा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

फटकळ
काढतो. आधी थोरल्याशी बोलून घेतो.